निकुंभ आणि त्यांचं स्टँडबाय

निकुंभांबरोबर साधं जेवायला जायचं तरी आधी दोन हॉटेलं ठरवावी लागायची. एक जायचं, आणि दुसरं, ते बंद असलं तर जायचं. पहिलं उघडं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. निकुंभांचा चेहरा मात्र जरा पडायचा. दुसऱ्याची तयारी फुकट गेली ना!

नाशिकला अंबडच्या ज्या कारखान्यात मी परचेसला होतो, तिथं प्रभाकर निकुंभ नेटवर्क इंजिनिअर होते. ऑफिसातले, शॉपवरचे, गेटवरचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवायचे, हे त्यांचं काम. अंगानं किरकोळ, शर्ट कायम इन केलेला, आणि कपाळावर एक आठी, जी झोपेतही जात नसावी. खिशाला दोन पेनं, बॅगेत दोन छत्र्या, किल्ल्यांचे दोन जुडगे. एकाच बँकेवर विश्वास ठेवणारा माणूस त्यांना भोळसट वाटायचा.

त्यांना काहीही नवं दाखवलं की प्रश्न ठरलेला. "छान आहे. आणि हे बंद पडलं तर?" मी मोटारसायकल घेतली तेव्हा विचारला. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं म्हणून पेढे दिले, तेव्हाही तोंडात पेढा ठेवून तोच प्रश्न विचारला. माझी आई बागलाणातली. तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हाऊ मानूस बरा शे ना रे?"

माणूस बरा होता. फक्त त्याला स्वस्थता माहीत नव्हती. जगातली प्रत्येक गोष्ट बंद पडण्याच्या वाटेवर आहे आणि हे आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशा काळजीत तो चालायचा, जेवायचा, हसायचासुद्धा.

एकदा त्यांच्या मनात आलं, की मेन यंत्र गेलं तर स्टँडबाय खरंच उठतं का ते बघायला पाहिजे. आपल्यासारख्यांसाठी सांगतो. महत्त्वाच्या यंत्राचं एक जोडयंत्र कायम शेजारी चालू ठेवतात. मेन काम करतं, स्टँडबाय नुसतं बसून राहतं. मेन गेलं की लगेच स्टँडबाय त्याची जागा घेतं, आणि मधे काही झालं होतं हे बाहेरच्याला कळतही नाही. निकुंभांनी भर दुपारी, माल निघायच्या वेळेला, मेनची केबल उपटली. स्टँडबाय उठलं नाही. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता, पंखा फिरत होता, पण आतून ते कधी गेलं होतं कुणास ठाऊक. गेटपास छापायचे थांबले, ट्रकांची रांग थेट चौकापर्यंत गेली. प्लांटचे मोठे साहेब धावत खाली आले.

"निकुंभ, चालू होतं ना सगळं? मग बंद कशाला केलंत?"

"साहेब, आज कळलं हे किती बरं झालं."

साहेबांना त्यात बरं काहीच दिसत नव्हतं. निकुंभांना मेमो मिळाला. संध्याकाळी टपरीवर चहा घेताना ते मला म्हणाले, "देवरे, मेनकडे सगळे बघतात हो. स्टँडबायकडे कोण बघतं? दिवा हिरवा दिसला की आपण पुढे जातो."

मी म्हटलं, "मेमोला उत्तर काय देणार?"

"ते दोन प्रकारे लिहून ठेवलंय," ते म्हणाले.

अशा माणसाच्या हातून चित्रं कशी झाली, हे लोकांना कोडं वाटतं. मला वाटत नाही, कारण मी ती होताना पाहिली. कारखान्यात जमिनीखालून गेलेल्या केबलींचा नकाशा त्यांनी कॉम्प्युटरवर काढायला घेतला. आधी नुसत्या रेघा होत्या. मग खोदताना अंदाज यावा म्हणून त्यांनी कडुलिंब काढला. कडुलिंब काढला तर त्याखालचा सायकल स्टँड हवाच. गेटवरचं कुत्रं ज्या जागी बसायचं तिथूनच मुख्य केबल वळत होती, म्हणून कुत्रंही आलं. सारा कारखाना वरून बघितल्यासारखा, झाडन् झाड, पत्रा न् पत्रा. तो नकाशा त्यांनी सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवला, आणि लोक कामं सोडून त्यापुढे उभे राहायला लागले. एका द्राक्षबागायतदाराचा कारखान्याशी काही पुरवठ्याचा संबंध होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्या मळ्याचं असं काढून द्याल का?"

"काढतो," निकुंभ म्हणाले, "पण मला तुमच्या पाइपलाइनी सगळ्या दाखवाव्या लागतील."

पुढे कारखान्यानं नेटवर्कचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं. निकुंभांना चेन्नईला जा नाहीतर घरी बसा, असा पर्याय आला. आयुष्यभर दोन वाटा तयार ठेवणाऱ्या माणसानं दोन्ही सोडून तिसरी धरली. पाथर्डी फाट्याजवळच्या रो हाउसच्या पुढच्या खोलीत मोठा पेन-स्क्रीन आणला, कॅनव्हासवर छापणारं मशीन आणलं आणि 'स्थळचित्र' नावाची पाटी लावली. स्क्रीनवर पेनानं काढायचं, मोठ्या कॅनव्हासवर छापायचं, चौकटीत बसवून द्यायचं. शाळा, मळे, देवस्थानं, कुणाचं सोडून आलेलं गाव. त्या पाटीकडे बघून त्यांनी मला विचारलं, "देवरे, चालेल ना हे?" मी हो म्हटलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तो काय ते तुम्हाला कळलंच असेल.

चित्रांची एक प्रत घरी, आणि एक नाशकाबाहेर हवी, असा त्यांचा हट्ट. गोदावरीला पूर आला तर? पाथर्डी फाट्यावर गोदेचं पाणी यायचं म्हणजे आधी अर्धं नाशिक बुडायला हवं. पण हे त्यांना सांगणार कोण? दुसरी हार्डडिस्क त्यांनी मेहुण्यांकडे ठेवायला दिली, आणि मेहुणे इगतपुरीचे. जिथं आषाढात उशीसुद्धा ओली लागते, त्या गावी! पावसाळ्यानंतर बघतात तर डिस्कच्या डब्यात बुरशी. सुलभावहिनी तेव्हा जेवढ्या हसल्या, तेवढं त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं. "पुरातून वाचवलं," त्या म्हणाल्या, "आणि पावसात नेऊन ठेवलं."

सुलभावहिनी म्हणजे निकुंभांच्या पत्नी. निकुंभ जितके घाबरट, तितकी ही बाई शांत. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या सातपूरच्या एका कंपनीत ट्रेसर होत्या. इंजिनिअरनं काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून शाईनं तंतोतंत रेघ ओढायची. हात हलला की आख्खा कागद गेला. कॉम्प्युटर आले तशी ती नोकरी गेली, पण हात राहिला. चकलीचा वेढासुद्धा त्या असा घालायच्या, की मोडायला जिवावर यावं.

निकुंभांचा हात कापायला लागला तो असाच, हळूहळू. आधी ते कप अर्धाच भरून मागायला लागले. मग बशीत ओतून पिणं सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, पण हे वाढत जाणार. जिवाचं त्यांना काही वाटलं नाही. पेनाचं वाटलं. चांगला जम बसला होता, कामं येत होती, आणि सगळं त्या एका मनगटावर उभं होतं.

चित्र काढायच्या त्या प्रणालीत थरथर गिळून रेघ गुळगुळीत करायची सोय असते. निकुंभ ती वाढवत गेले. जितकी वाढवावी तितकी रेघ पेनाच्या मागे पडते. पेन पुढे गेलेलं असायचं आणि रेघ मागून, कळपातल्या शेवटच्या शेळीसारखी, रमतगमत यायची. ते तिच्याकडे ताटकळून बघत बसायचे. चित्र सुबक व्हायचं, पण त्यांना ते आवडेनासं झालं होतं. मी गेलो की दार लावून घ्यायचे आणि हात पुढे करून विचारायचे, "कालच्यापेक्षा जास्त वाटतंय का?" मला काय कळणार? मी म्हणायचो, तेवढंच आहे. त्यांना ते पटायचं नाही आणि मलाही.

एक दिवस मी गेलो तर वहिनी स्क्रीनसमोर बसलेल्या, हातात पेन, आणि निकुंभ मागे उभे.

"स्टँडबाय," ते मला म्हणाले.

वहिनी वळून म्हणाल्या, "ऐकलंत भाऊजी? इतक्या वर्षांनी हुद्दा मिळाला."

त्यांच्या हातात ते पेन असं बसलं, की निकुंभांनी हेवा करावा. त्यांनी तो केला नाही; जीव भांड्यात पडल्यासारखे ते खुर्चीत बसले. बाहेरच्याला कळता कामा नये, हा त्यांचा नियम. चित्राखाली सही एकच, 'स्थळचित्र'. कुठली रेघ कुणाची हे गिऱ्हाइकाला ओळखू येऊ नये. आणि चाचण्या तर रोजच्या. चित्र काढता काढता ते एकदम हाताची घडी घालून म्हणायचे, "मी बंद पडलो." वहिनींनी होतं ते सोडून यायचं आणि त्याच रेघेपासून पुढे न्यायचं.

"अहो, निदान भाजी तरी उतरवू द्या."

"बंद पडताना कुणी भाजीचं विचारतं का?"

त्या यायच्या. पदराला हात पुसून पेन घ्यायच्या. निकुंभ स्क्रीनला नाक लावून त्यांची रेघ तपासायचे, जोड दिसत नाही म्हटल्यावर श्वास सोडायचे. मग म्हणायचे, "आता मी गेलो तरी तुझं अडणार नाही." वहिनींना हे बोलणं अजिबात आवडायचं नाही. त्या गप्प बसायच्या. मला वाटायचं, त्या गप्प बसण्याचं कारण तेवढंच आहे.

मग मालेगावचं काम आलं. तिथल्या एका डॉक्टर दांपत्यानं मुलांचा दवाखाना काढला होता. मुलांच्या वॉर्डात भिंतभर मालेगाव हवं होतं. यंत्रमाग, सायकली, रिक्षा, मोसम नदी, सगळं. त्यांची एकच अट होती. चित्र जवळजवळ पूर्ण करून आणायचं आणि शेवटचा भाग मुलांसमोर, मोठ्या पडद्यावर दिसेल असा काढायचा. मुलं सांगतील ते त्यात घालायचं. एवढं मोठं काम 'स्थळचित्र'ला आधी मिळालं नव्हतं, आणि लोकांदेखत हात चालवायची वेळही आली नव्हती.

मी गाडी घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. निकुंभांनी दोन पेनं, दोन लॅपटॉप, वायरींचे दोन संच घेतले होते. चांदवड येईपर्यंत त्यांनी सगळं दोनदा उघडून पाहिलं. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. "झोपा जरा," त्या म्हणाल्या. ते झोपले नाहीत. मांडीखाली हात दाबून बसले.

वॉर्डात पोरं, आयाबाया, नर्सेस, कुणाच्या हाताला सुई टोचलेली, कुणी आईच्या कडेवर. पडद्यावर मालेगाव उमटलं तसा एकच गलका झाला. निकुंभांनी बरंच निभावलं. डावीकडच्या चौकात दोन-तीन रिक्षा काढल्या, एक फुगेवाला काढला. मग एका यंत्रमागाचे धागे काढताना रेघ डचमळली. त्यांनी पुसली. पुन्हा डचमळली. समोरची पोरं हसली, वाईट मनानं नव्हे, पण हसली. निकुंभांच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. ते हळू आवाजात म्हणाले, "सुलभा, घे."

वहिनींनी पेन घेतलं आणि वॉर्ड शांत झाला. धागा न् धागा सरळ उतरत गेला. एक मुलगी म्हणाली, माझ्या अब्बूची सायकल काढा. सायकल आली, मागे बांधलेल्या कापडाच्या गाठोड्यासकट. निकुंभ मागे सरकून भिंतीला टेकले. मला ते तेव्हा, ओळख झाल्यापासून पहिल्यांदा, निर्धास्त दिसले.

कुणीतरी ओरडलं, रिक्षा काढा. वहिनींनी डावीकडच्या चौकात रिक्षा काढायला घेतली. छत काढलं, पुढचं चाक काढलं. सगळं छान, पण ते निकुंभांनी आधी काढलेल्या रिक्षेवर आणि फुगेवाल्याच्या अंगावरून चाललं होतं.

"आंटी, उधर तो पहले से रिक्षा है!" कडेवरचं एक पोर ओरडलं.

वहिनींचं पेन थांबलं. त्यांनी आख्खी मान वळवली, मग त्यांना ते दिसलं. क्षणभरच. मग हसून म्हणाल्या, "अरे, ट्रॅफिक जाम झाला." सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी चुकलेलं पुसलं आणि उजवीकडे वळल्या. निकुंभ हसले नाहीत. ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते वहिनींच्या मानेकडे बघत होते, जी एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी वळली होती.

परतीच्या वाटेवर ते पुढे माझ्याशेजारी बसले नाहीत, मागे वहिनींशेजारी बसले. आरशात मला दिसत होतं. त्यांनी वहिनींचा उजवा डोळा झाकला आणि स्वतःचा कापरा हात समोर धरला.

"हा दिसतो?"

"अहो, गाडीत काय हे?"

"दिसतो का सांग."

"हलतोय म्हणून दिसतो."

हात त्यांनी बाजूला नेला. "आता?"

वहिनी समोरच बघत राहिल्या. मी गाडी सावकाश केली.

"कधीपासून?" निकुंभांनी विचारलं.

"दिवाळीआधीपासून असेल. तुमच्या हाताचं चाललं होतं. त्यात मी माझं कुठं काढू? तुम्ही रोज म्हणायचात, आता सुलभा आहे, आता काळजी नाही. तुम्हाला कधी नव्हे ते जरा बरं वाटत होतं."

निकुंभांनी त्यांच्या डोळ्यावरचा हात काढला नाही. तो तसाच त्यांच्या चेहऱ्यावर राहिला.

काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळपास गेलेला, उजव्याला सुरुवात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं धरून ठेवायची, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. धरून राहील का, हे ते सांगेनात. निकुंभ डॉक्टरांना काही विचारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी काहीच विचारलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

पुढचे काही आठवडे 'स्थळचित्र'चं दार बंद होतं. मालेगावचं चित्र डावीकडे अर्धवट राहिलेलं. मी एकदा गेलो तर ते अंधाऱ्या स्क्रीनसमोर बसलेले.

"रोज टेस्ट घेत होतो, देवरे," ते म्हणाले. "रोज. रेघ बघायचो. जोड दिसत नाही ना, एवढंच बघायचो. तिच्याकडे कधी बघितलंच नाही." आणि ते रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आतून वहिनींनी विचारलं, "भाऊजी, चहात साखर घालू ना?" आवाज नेहमीसारखा होता.

त्यानंतर माझ्या आईचं आजारपण आलं आणि सटाण्याला माझ्या खेपा सुरू झाल्या. निकुंभांकडे जाणं झालं नाही. फोनवर एकदा वहिनी म्हणाल्या, "काढताहेत. मी शेजारी बसते. गुळगुळीत करायचं ते सगळं बंद करून टाकलंय त्यांनी. डावीकडची घरं आता जरा थंडी वाजल्यासारखी दिसतात, पण मला आवडतात." डोळ्यांचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आज आहे तेवढं आहे." मग फोन निकुंभांनी घेतला आणि औषधाची वेळ झाली म्हणून ठेवून दिला.

परवा सटाण्याहून परत येताना द्वारका चौकात बस खोळंबली. पुलाखाली नेहमीचाच गोंधळ, चारी बाजूंनी हॉर्न. खिडकीतून बघतो तर रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर, निकुंभ आणि वहिनी उभे. त्यांच्यामधे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कॅनव्हासचा भला लांब रोल. समोरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून मालेगावला माल जातो. तिथला हमाल पलीकडून ओरडत होता, "ओ काका, थांबा तिथंच, लय गाड्या हायेत! मी येतो!" या कलकलाटात त्यांना ते ऐकू येण्यासारखं नव्हतं.

पुढचा अर्धा रस्ता ओलांडायचा म्हणजे गाड्या डावीकडून येणार. वहिनींना डावीकडचं काही दिसत नाही. मी खिडकीची काच ठोकली, नावानं हाका मारल्या, उठून दाराकडे गेलो. कंडक्टर म्हणाला, "इथं दार उघडणार नाय, बसा."

निकुंभांनी तो रोल वहिनींच्या दोन्ही हातांत दिला. वहिनींनी तो तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला. मग निकुंभ त्यांच्यामागून फिरून डाव्या अंगाला आले आणि येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर त्यांनी हात वर केला. तो हात आता फारच हलत होता. पुढच्याच ट्रकच्या ड्रायव्हरला कळेना, हा माणूस आपल्याला थांबवतोय की निरोप देतोय. त्यानं ब्रेक मारला. मागच्या रिक्षा थांबल्या, मोटारसायकली थांबल्या. ट्रकमधून ड्रायव्हरनंही हसून हात हलवला.

निकुंभांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. हात तसाच वर ठेवून ते सावकाश चालत होते, आणि सगळा वेळ वहिनींकडे बघत होते.